पॉइंट टू-टूची गोळी रेंजवर कशी मोजायची: वेग, ग्रुप आणि वारा

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचं असतं. गोळी स्वतः ५.६ मिलीमीटरची, म्हणजे ०.२२ इंची; ‘पॉइंट टू-टू’ हे नाव त्यावरूनच. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी गुण मिळतो, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलीमीटरच्या आत पडला की दहा. दशांश गुणांत हिशेब आणखी बारीक होतो: दर ०.८ मिलीमीटरला ०.१ गुण जातो. एवढ्याशा जागेत नेमबाजाचा श्वास, स्लिंग (रायफल हाताला बांधून धरणारा पट्टा), ट्रिगर, वारा हे सगळं बसवायचं असतं, आणि काडतूसही त्यातच येतं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधल्या (लॉट म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं) गोळ्या एकाच रायफलमधून वेगवेगळे ग्रुप, म्हणजे टार्गेटवर भोकांचे पुंजके, देतात. कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो हे डब्याकडे बघून कळत नाही, किमतीवरूनही कळत नाही. मोजावंच लागतं.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) जागतिक विजेत्या झाल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ऑलिंपिक कांस्य मिळवलं. त्यानंतर पॉइंट टू-टूकडे वळणारी मुलं-मुली वाढली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे: जे काही महिने क्लबात शिकतायत, ज्यांना कोच आहे, आणि आता हातातल्या काडतुसाबद्दल प्रश्न पडायला लागलेत.

आधी परवानगी

पॉइंट टू-टू रायफल आणि तिची काडतुसं परवान्याखाली येतात. शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. स्वतःचा परवाना नसेल तर क्लबची रायफल, क्लबची काडतुसं आणि कोच शेजारी, एवढ्यावरच ही सगळी चाचणी करता येते. घरी काडतूस उघडणं, दारू कमी-जास्त करणं, पुन्हा भरणं हा विषयच डोक्यातून काढून टाका. काडतूस बनवण्याला वेगळा परवाना लागतो, आणि पॉइंट टू-टूसारखं रिमफायर काडतूस (ज्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो) पुन्हा भरण्यासारखं नसतंच. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक दारू तोलताना दिसतात ती सेंटरफायरची, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेट घेणारी, काडतुसं असतात. आपल्याकडच्या खेळाडूच्या हातात असते ती निवड: कुठला लॉट घ्यायचा.

रेंज ऑफिसरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उद्या क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावायचाय. फायरिंग पॉइंटच्या पुढे काहीही मांडायचं असेल तर आख्खी लाइन थांबवावी लागते. सगळ्यांच्या रायफली अनलोड, बोल्ट उघडे, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, आणि ऑफिसरने तोंडाने सांगितल्यावरच पाऊल पुढे. घाईच्या सरावाच्या वेळेत हे जमत नाही. बालेवाडीसारख्या मोठ्या संकुलात, जिथे ५० मीटरच्या बऱ्याच लेन आहेत, तिथे कडेची लेन आणि दुपारची मोकळी वेळ मागून घ्यावी. कान आणि डोळे झाकलेले हवेतच. पॉइंट टू-टूला कुणी ‘छोटी’ म्हणून हलक्यात घेऊ नये. मोकळ्यावर सुटलेली ही गोळी किलोमीटरभराहून लांब जाते.

वेग मोजायचं यंत्र

गोळीचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. टांगलेल्या जड लोलकावर गोळी मारायची, लोलक किती मागे झुलला ते बघायचं आणि त्यावरून वेग काढायचा, ही रीत त्याने १७४२ मध्ये मांडली. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. तोफखान्याच्या शास्त्राचा पाया घालणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावर गेला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

आज तीन प्रकारची यंत्रं दिसतात.

सगळ्यात स्वस्त आणि क्लबात हमखास सापडणारा तो प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ. त्यात एकामागे एक दोन सेन्सर असतात. गोळीची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. सेन्सरमधलं अंतर ३० सेंटिमीटर धरलं तर ३२४ मीटर प्रतिसेकंदाची गोळी ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पार करते. यातच त्याचं दुखणं आहे. सेन्सरचं अंतर १ मिलीमीटरने चुकलं तरी वेग सुमारे १ मीटर प्रतिसेकंदाने चुकतो. यंत्र गोळीच्या वाटेला ५ अंशांनी तिरकं राहिलं तरी तेवढाच फरक पडतो. म्हणून अशा यंत्राने दाखवलेली सरासरी दुसऱ्या क्लबातल्या यंत्राशी ताडून बघण्यात अर्थ नाही. गोळ्या-गोळ्यांमधला फरक मात्र ते नीट दाखवतं, कारण यंत्राची चूक सगळ्या गोळ्यांना सारखीच लागते. आणि आपल्याला हवा असतो तो हा फरकच.

दुसरा प्रकार रडारचा. छोटी डबी नळीच्या बाजूला वीतभर अंतरावर, तोंडाच्या जरा मागे ठेवायची. लाइनच्या पुढे जायची गरज नाही, गोळी यंत्राला लागायची भीती नाही. गार्मिनचा झीरो सी-१ प्रो २०२३ मध्ये आला आणि हे काम फारच सोपं झालं. शेजारच्या लेनमधली गोळी कधीकधी यात नोंदली जाते. दर गोळीनंतर आकडा आपल्याच गोळीचा आहे ना, हे बघायची सवय लावा.

तिसरा नळीच्या तोंडाला बांधायचा चुंबकीय प्रकार. वेग चांगला मोजतो, पण नळीला वजन लटकवल्यामुळे तिचं कंपन बदलतं. त्यामुळे तो लावून ग्रुप मोजू नका. वेग वेगळा, ग्रुप वेगळा.

मांडणी

प्रकाशाचा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून दोनेक मीटर पुढे ठेवा. फार जवळ ठेवला तर तोंडातून निघणारा वायू आणि दारूचे कण सेन्सरला गोळीसारखे वाटतात. प्रोनसाठी स्टँड अगदी खाली आणावा लागतो. उंची ठरवायची सोपी रीत: रायफल टार्गेटवर स्थिर करा, बोल्ट काढा, नळीतून मागून बघा, आणि त्या रेषेत सेन्सरच्या वर चार बोटं जागा आहे ना ते पाहा. नुसत्या साइटमधून बघून उंची ठरवू नका. साइट नळीच्या वर असते, आणि साइटमधून मोकळी दिसणारी वाट नळीसाठी मोकळी असेलच असं नाही. क्रोनोग्राफला गोळी लागते ती यामुळेच.

छताखालच्या लेनमध्ये ट्यूबलाइट असतील तर बंद करून घ्या. त्या लुकलुकतात आणि यंत्र भलतेच आकडे दाखवतं. उघड्यावर थेट ऊन पडत असेल तर सेन्सरवरच्या पांढऱ्या पट्ट्या लावा. सगळे आकडे ३२० च्या आसपास येत असताना मध्येच एखादा ४१० आला तर तो यंत्राचा गोंधळ आहे. तो खोडा, पण खोडला असं लिहून ठेवा.

काडतुसं सावलीत ठेवा. दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेला डबा आणि सावलीतला डबा यांची तुलना म्हणजे दोन लॉटची तुलना नव्हे, दोन तापमानांची. डब्यातून काढून उन्हात ओळीने मांडून ठेवायची सवय अनेकांना असते. चाचणीच्या दिवशी तरी ती सोडा.

दहा गोळ्या, दहा आकडे

नळी साफ केलेली असेल तर आधी काही गोळ्या मातीत घालवाव्या लागतात. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते नळीत सारखं बसेपर्यंत आकडे हलत राहतात. कंपनी बदलली की वंगणही बदलतं, तेव्हा निदान १०-१५ गोळ्या नोंद न करता मारा. एकाच कंपनीचे दोन लॉट असतील तर एवढं लागत नाही.

आता एका लॉटच्या दहा गोळ्या मारून हे आकडे आले असं धरू, मीटर प्रतिसेकंदात:

३२२, ३२५, ३२४, ३२७, ३२३, ३२६, ३२४, ३२१, ३२५, ३२३.

बेरीज ३२४०, सरासरी ३२४. सगळ्यात जास्त ३२७, सगळ्यात कमी ३२१, म्हणजे टोकांतलं अंतर ६. बहुतेक जण इथेच थांबतात, पण खरा उपयोगाचा आकडा पुढचा आहे, तो म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर ते काढा: उणे २, १, ०, ३, उणे १, २, ०, उणे ३, १, उणे १. यांचे वर्ग करून बेरीज ३०. गोळ्यांच्या संख्येतून एक कमी करून, म्हणजे ९ ने भागा: ३.३३. त्याचं वर्गमूळ १.८. या लॉटचं प्रमाण विचलन १.८ मीटर प्रतिसेकंद. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे क्षणात होतं, तरी एकदा हाताने करून बघा, मग तो आकडा परका वाटत नाही.

टोकांतल्या अंतरावर विसंबू नये याचं कारण सरळ आहे. गोळ्या जितक्या जास्त, तितकं ते अंतर आपोआप वाढतं. पाच गोळ्यांत ते सरासरीने प्रमाण विचलनाच्या सव्वादोन-अडीच पट येतं, दहा गोळ्यांत तिप्पट, वीस गोळ्यांत पावणेचार पट. म्हणजे पाच गोळ्यांचा लॉट दहा गोळ्यांच्या लॉटहून ‘चांगला’ दिसणारच.

आणि दहा गोळ्याही कमीच. दहांवरून १.८ आला तर खरा आकडा १.३ ते ३.३ च्या मध्ये कुठेही असू शकतो. तीस गोळ्यांवरून तोच १.८ आला तर ही पट्टी १.४ ते २.४ इतकी आवळते. दहा-दहा गोळ्यांवर एका लॉटचा १.८ आणि दुसऱ्याचा २.३ आला म्हणून पहिला चांगला असं कुणी सांगत असेल तर त्यावर पैसे लावू नका. काडतुसं महाग आहेत, मान्य. पण दहा गोळ्यांवर निकाल काढून आख्खी पेटी चुकीची घेणं त्याहून महागात पडतं.

वेगाचा टार्गेटशी संबंध

या आकड्यांचा दहाच्या वर्तुळाशी काय संबंध, ते एकदा कागदावर मांडू.

३२५ च्या आसपास सुटलेली गोळी ५० मीटरपर्यंत पोचेस्तोवर साधारण २०-२५ मीटर प्रतिसेकंद वेग गमावते. तिला लागणारा वेळ सुमारे ०.१६ सेकंद. एवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट लावताना ते भरून निघतं. वेग १ मीटर प्रतिसेकंदाने बदलला तर हे खाली येणं सुमारे पाऊण मिलीमीटरने बदलतं. म्हणजे आपल्या ६ च्या फरकातून टार्गेटवर उभ्या दिशेत साडेचार मिलीमीटर. दहाच्या हद्दीत बसतं, पण दशांशात अर्धा गुण खाऊन जातं. वेगात १५ चा फरक असलेला सरावाचा स्वस्त लॉट एकट्या या कारणाने ११ मिलीमीटर उभा पसरतो.

उलट्या बाजूनेही हा हिशेब कामाला येतो. ग्रुप उभा १६ मिलीमीटर पसरलाय आणि वेगाच्या फरकातून फक्त साडेचार निघतात, तर दोष काडतुसावर ढकलू नका. श्वास, खांद्याला टेकणाऱ्या बट-प्लेटची जागा, स्लिंगचा ताण, हे कोचसोबत बघा. नळीच्या कंपनाचाही वाटा असतो. काही नळ्यांत हळू गोळी नळी वर जात असताना सुटते आणि फरक थोडा भरूनही निघतो. म्हणून वेगाच्या तक्त्यात दुसरा आलेला लॉट टार्गेटवर पहिला येऊ शकतो. अशा वेळी माझा कौल टार्गेटच्या बाजूने. क्रोनोग्राफ कारण सांगतो, निकाल टार्गेट देतं.

ग्रुप

ग्रुपसाठी रायफल जितकी स्थिर तितकं बरं. क्लबात नळी किंवा अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग) पकडणारा क्लॅम्प असेल तर उत्तमच. जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एलीच्या चाचणी केंद्रात खेळाडू आपली रायफल घेऊन जातात ते याचसाठी. क्लॅम्प नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या.

स्लिंग लावून प्रोनमधून लॉट तपासायचा मोह टाळा, निदान सुरुवातीला. कारण बघा: नेमबाजाचा स्वतःचा पसारा ६ मिलीमीटर आणि लॉटचा ३, तर दोन्ही मिळून ६.७. लॉटचा ४ झाला तर ७.२. लॉटमधला एक-तृतीयांश फरक तुमच्या पसाऱ्याखाली अर्ध्या मिलीमीटरवर येऊन लपतो. हे पसारे सरळ बेरजेने नाही, वर्गांच्या बेरजेने वाढतात.

प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप घ्या, पण एका लॉटचे चारही सलग नको. पहिला लॉट, दुसरा, पुन्हा दुसरा, मग पहिला, असं आलटून पालटून. सकाळी वारा पडलेला आणि अकरानंतर सुटलेला असेल तर त्याचा भार दोघांवर सारखा पडतो.

कागदावर मोजताना बहुतेक जण सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून ५.६ वजा करतात. झटपट म्हणून चालेल. पण दहातल्या दोनच गोळ्यांवर सगळा निकाल ठरतो, बाकीच्या आठ वाया जातात. त्यापेक्षा सरासरी त्रिज्या काढा. दहाही भोकांचा मध्य शोधा, प्रत्येक भोक त्या मध्यापासून किती दूर ते मोजा आणि दहांची सरासरी घ्या. शिशाच्या गोळीने कागद फाटतो, भोकाची कड दातेरी होते. मागे जाड पुठ्ठा घट्ट लावला तर भोक स्वच्छ पडतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे तयारच मिळतात. ते उतरवून घ्या, नुसता गुण लिहू नका. १०.२ ची गोळी मध्याच्या वर पडली की खाली, हे गुण सांगत नाही.

वारा

सामन्याची पॉइंट टू-टू काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात, ३२०-३३० च्या घरात. २० अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद. त्याच्या जवळ आणि वर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं नव्या माणसाला वाटतं. पॉइंट टू-टूमध्ये नेमकं उलटं घडतं.

वारा गोळीला किती सरकवतो हे तिच्या एकूण वेळेवर ठरत नाही, तिने हवेमुळे किती वेळ गमावला त्यावर ठरतं. ३२५ चा वेग टिकला असता तर ५० मीटरला ०.१५४ सेकंद लागले असते, लागतात ०.१६०. गमावलेला वेळ ०.००६ सेकंद आणि थोडासा वर. त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणा. १ मीटर प्रतिसेकंदाच्या आडव्या वाऱ्यात गोळी सुमारे ६ मिलीमीटर सरकते, ३ च्या वाऱ्यात १९. रेंजवरची वाऱ्याची झेंडी नुसती हलतेय एवढ्यावर दहा हातचा जातो तो असा.

दोन क्रोनोग्राफ मिळाले आणि दुसरा ५० मीटरवर सुरक्षित ठेवता आला, किंवा रडार तिथपर्यंत गोळी पकडत असेल, तर हा गमावलेला वेग तुम्हीच मोजू शकता. जो लॉट वाटेत कमी वेग गमावतो तो वाऱ्यात कमी सरकतो. नवख्याने यासाठी दुसरं यंत्र विकत घेऊ नये. पहिल्या वर्षी झेंड्या वाचायला शिकण्यात जास्त गुण आहेत.

वही

मोजमाप दोन महिन्यांनी पुन्हा वाचता आलं पाहिजे. तारीख, वेळ, तापमान, वारा कुठून किती, रायफल, कंपनी, डब्यावरचा पूर्ण लॉट क्रमांक, नळी कधी साफ केली, क्रोनोग्राफ तोंडापासून किती अंतरावर, आणि सगळे वेग आले त्या क्रमाने. क्रम महत्त्वाचा: वेग हळूहळू चढत गेला असेल तर वंगण अजून बसलेलं नव्हतं किंवा डबा तापत होता. नुसती सरासरी लिहिली की हे कायमचं हरवतं. एलीच्या सामन्याच्या डब्यावर लॉट क्रमांकासोबत वेगही छापलेला असतो. तो उतरवून घ्या, पण त्याला तुमच्या रायफलचा वेग समजू नका. तो त्यांच्या चाचणी-नळीचा आहे.

लॉट ठरला की क्लबमार्फत त्याच क्रमांकाचे डबे आहेत का विचारा आणि असतील तर निदान एका हंगामापुरते एकत्र घ्या. महिन्याभराने तोच क्रमांक मिळेल याची खात्री नसते. सामन्यासाठी दुसऱ्या गावी गेलात, खास करून पुण्याच्या डिसेंबरातून कुठे उकाड्यात, तर सरावाच्या दिवशी दहा गोळ्या पुन्हा मोजा. १० अंशांना आवाजाचा वेग ३३७ असतो, ३५ ला ३५२, आणि काडतुसाचा स्वतःचा वेगही तापमानाने हलतो. उभा शून्य, म्हणजे साइटची वर-खालची जुळणी, तिथेच पुन्हा लावून घ्या आणि वहीत नव्या पानावर त्या गावाचं नाव घाला.